माणूस पाण्याखाली आडवा कसा झाला? एका शरीरस्थितीचा इतिहास

#धागा

आजचा विषय थोडा वेगळा आहे. राजे नाहीत, तह नाहीत, लढाया तर नाहीतच. आजचा प्रश्न एवढाच की, पाण्याखाली गेलेला माणूस उभा का होता आणि तो आडवा केव्हा झाला?

एकोणिसाव्या शतकातील कोणतेही पाणबुड्याचे चित्र डोळ्यांपुढे आणा. तांब्याचे गोल शिरस्त्राण, फुगीर अंगरखा, शिशाच्या तळाचे बूट. हा माणूस समुद्रतळावर उभा असतो. बाजारपेठेतल्या चौकात उभा असावा तसा. आता आजचे एखादे चित्र पाहा. गुहेत शिरणारा पाणबुडा तळापासून हातभर वर, पोटावर आडवा, गुडघ्यांतून पाय वर दुमडलेले, आणि जणू हवेत ठेवल्यासारखा स्थिर. दोघांच्या शरीराची घडण एकच. समुद्रही तोच. मधल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत बदलले ते त्यांच्या अंगावरचे सामान.

शरीराची ठेवण हा इतिहासाचा विषय आहे का, असे कोणी विचारील. फ्रेंच विचारवंत मार्सेल मॉस याने १९३४ साली ‘शरीराची तंत्रे’ या विषयावर एक व्याख्यान दिले होते. चालणे, बसणे, झोपणे या ‘नैसर्गिक’ वाटणाऱ्या गोष्टीसुद्धा प्रत्येक समाज आणि प्रत्येक पिढी शिकत-शिकवत असते, हे त्याचे प्रतिपादन. आणि गंमत अशी की त्याच्या पहिल्या उदाहरणांपैकी एक पोहण्याचेच होते. त्याच्या पिढीला पोहताना तोंडात पाणी घेऊन ते बाहेर फेकण्याची सवय लावली गेली होती. पुढे ती पद्धत गेली, पण त्याची स्वतःची सवय काही सुटली नाही. तेव्हा पाण्याखालच्या शरीरस्थितीचा इतिहास शोधायला आपल्याला भक्कम आधार आहे.

थोडे भौतिकशास्त्र आधी उरकून घेऊ.

आर्किमिडीजचे तत्त्व शाळेत सर्वांनी पाठ केलेले असते: बुडालेली वस्तू जितके पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढे प्लावक बल तिला वर ढकलते. पण हे झाले ‘किती’चे उत्तर. शरीराची ठेवण ठरते ती ‘कुठे’वरून. शरीराचे सारे वजन ज्या बिंदूतून खाली ओढते तो गुरुत्वमध्य. प्लावक बल ज्या बिंदूतून वर ढकलते तो प्लावकमध्य. हे दोन बिंदू एका उभ्या रेषेत नसतील तर शरीर फिरते, आणि ते एका रेषेत येईपर्यंत फिरत राहते. माणसाच्या छातीत हवेने भरलेली फुप्फुसे आहेत, पायांत हाडे आणि स्नायू. म्हणजे छाती वर, पाय खाली. पाण्यात स्वस्थ सोडलेला माणूस आपोआप उभ्याकडे झुकतो. त्यात कमरेला शिसे बांधले की हा कल वाढतो, आणि छातीवर हवेची पिशवी बांधली की आणखी वाढतो.

या दोन बिंदूंमधल्या समतोलाला जहाजांच्या भाषेतून आलेला शब्द आहे ‘ट्रिम’. जहाज पुढून दबलेले आहे की मागून, हे त्यावरून सांगतात. पाणबुड्यांनी तो शब्द तसाच उचलला.

आता उभ्या माणसाकडे जाऊ. २९ ऑगस्ट १७८२ रोजी इंग्लंडच्या पोर्ट्समथजवळ स्पिटहेड येथे ‘रॉयल जॉर्ज’ ही प्रचंड युद्धनौका नांगरलेली असतानाच बुडाली. दुरुस्तीसाठी तिला मुद्दाम एका कुशीवर कलते केले होते. पाणी आत शिरले आणि आठशेहून अधिक माणसे मेली. समतोलाच्या इतिहासात शिरताना वाटेत हेच जहाज लागावे, हा योगायोग मला नेहमी अस्वस्थ करतो. कारण याच बुडालेल्या जहाजाच्या सफाईतून आधुनिक पाणबुडेगिरी घडली. १८३९ ते १८४३ या काळात चार्ल्स पॅस्ले या अभियंता-अधिकाऱ्याने तेथे मोठी मोहीम चालवली आणि ऑगस्टस सीबे या लंडनस्थित कारागिराचा पोशाख तेथे कसाला लागला.

त्याआधीचा, डीन बंधूंचा पोशाख ‘उघडा’ होता. शिरस्त्राणात वरून नळीने हवा येई आणि जादा हवा अंगरख्याच्या खालच्या कडेने निसटून जाई. हवा आत टिकत होती ती केवळ माणूस उभा होता म्हणून. तोल जाऊन तो आडवा पडला, की पालथ्या होणाऱ्या तांब्यासारखी हवा बाहेर आणि पाणी आत! म्हणजे उभे राहणे ही सोय नव्हती, सक्ती होती. वाकणे म्हणजे मरण. सीबेने पोशाख पूर्ण बंदिस्त केला, तेव्हा माणसाला निदान ओणवे होण्याची मुभा मिळाली.

बंदिस्त पोशाखाने मात्र नवे संकट आणले. पोशाख स्वतःच एक मोठी हवेची पिशवी झाला. पाय डोक्यापेक्षा वर गेले तर हवा पायांत शिरे, पाय फुग्यासारखे फुगत, आणि पाणबुडा डोके खाली, पाय वर अशा अवस्थेत पृष्ठभागाकडे सुसाट निघे. त्याला स्वतःहून सुलटे होता येत नसे, कारण हवा सोडण्याची झडप शिरस्त्राणावर, म्हणजे आता सर्वांत खाली. म्हणून बुटांना शिसे, छाती-पाठीला शिसे, आणि पुढे पुढे पोटऱ्या-मांड्यांवर आवळून बांधायच्या नाड्या, जेणेकरून पायांत हवेला जागाच उरू नये. अमेरिकी नौदलाचा १९१६ चा ‘मार्क फाइव्ह’ पोशाख घेतला तर सगळा सरंजाम मिळून ऐंशी किलोंच्या पुढे जातो.

येथे एक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. हा पाणबुडा झडप कमी-जास्त उघडून पोशाखातली हवा, म्हणजेच आपले प्लावक बल, नियंत्रित करत असे. आज ज्याला ‘बॉयन्सी कॉम्पेन्सेटर’ म्हणतात, त्याची मूळ कल्पना त्याच्या अंगावरच होती. फक्त ती एकाच आसनात चालत होती.

माशासारखे आडवे तरंगण्याचे स्वप्न मात्र याहून जुने आहे. इटालियन गणिती जोव्हानी बोरेली १६७९ मध्ये वारला. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्राण्यांच्या हालचालींवरील ग्रंथात एक विलक्षण पाणबुडा रेखाटलेला आहे. पायांना बेडकासारखे पंजे, हवेची पिशवी, आणि सोबत दट्ट्या असलेले एक नळकांडे. दट्ट्या सरकवून आकारमान वाढवा-घटवा आणि माशाच्या वाताशयाप्रमाणे वर-खाली व्हा, अशी कल्पना. त्याची श्वसनयंत्रणा चालणे शक्यच नव्हते. पण पाण्यात राहायचे तर आपले आकारमान आपल्या हाती हवे, ही जाण त्या चित्रात स्पष्ट आहे.

(निसर्गाचेही हे गणित पूर्ण सुटलेले नाही, बरे का. पुष्कळ माशांत वाताशय गुरुत्वमध्याच्या खालच्या बाजूस असतो. जिवंत मासा पर सतत हलवून तोल राखतो. मेला की उलटा होऊन पोट वर करून तरंगतो.)

उभ्या पाणबुडेगिरीचा शेवटचा मोठा अंक इंग्लंडमधल्या मेंडिप टेकड्यांत घडला. १९३५ साली वूकी होल या गुहेत ग्रॅहम बॅल्कम, जॅक शेपर्ड आणि त्यांचे साथीदार सीबे गोरमन कंपनीचा जड पोशाख घालून उतरले. त्यांत पेनेलोपी पॉवेल ही स्त्रीही होती, हे अनेकदा सांगायचे राहून जाते. हे लोक पाण्याने भरलेल्या गुहेतून अक्षरशः चालत गेले. पुढे १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये ‘केव्ह डायव्हिंग ग्रुप’ स्थापन झाला, तेव्हाही तळावर चालत जाणे हेच त्यांचे मुख्य तंत्र होते. तळ गाळाचा असेल तर पाऊल टाकताच मागची वाट दिसेनाशी होणार. गुहेतल्या गाळाचा हा प्रश्न ध्यानात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

आता या कथेतील माझा सर्वांत आवडता प्रसंग.

जानेवारी १९४३. फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात. पेट्रोल मिळत नाही म्हणून मोटारी ज्वलनशील वायूवर चालवण्याचे प्रयोग सुरू आहेत. ‘एअर लिक्विड’ कंपनीतील अभियंता एमिल गान्याँ याने त्यासाठी एक झडप तयार केली आहे. नौदल अधिकारी जाक-इव्ह कुस्तो त्याच्याकडे येतो: श्वास घेतला की हवा द्यावी, सोडला की थांबावी, अशी झडप पाणबुड्यासाठी करता येईल का? दोघे पॅरिसबाहेर मार्न नदीवर पहिली चाचणी घेतात.

कुस्तो आडवा पोहतो तेव्हा यंत्र उत्तम चालते. उभा राहतो, तर हवा नुसती भसाभसा वाया जाऊ लागते. डोके खाली करतो, तर हवा ओढता ओढता जीव कासावीस होतो. एकच यंत्र, एकच नदी, तीन आसने आणि तीन वेगळे निकाल!

कारण काय? उच्छ्वास बाहेर पडण्याचे तोंड आणि हवा देणारी झडप यांच्यात काही इंचांचे अंतर होते. पाण्याचा दाब खोलीनुसार बदलतो, इंचा-इंचाने बदलतो. माणूस उभा राहिला की उच्छ्वासाचे तोंड वर आणि झडप खाली, त्यामुळे दाबातील फरकाने हवा आपोआप वाहू लागे. उलटा झाला की नेमके विरुद्ध. आडवे असताना दोन्ही एका पातळीत, म्हणून सारे सुरळीत. परतीच्या वाटेवर दोघांच्या हे ध्यानात आले आणि उपाय सुचला तो असा की उच्छ्वासाचे तोंड झडपेच्या शक्य तितके जवळ आणायचे. मग आसन कोणतेही असो, दाबात फरक पडणार नाही.

हा बदल दिसायला किरकोळ वाटतो. पण ज्या परंपरेत डीनच्या पाणबुड्याला वाकल्यास मृत्यू होता, त्या परंपरेत ‘आसन कोणतेही असो’ हे शब्द क्रांतिकारक आहेत. जून १९४३ मध्ये बांदोल येथे, भूमध्य समुद्रात, कुस्तो या सुधारलेल्या यंत्रासह उतरला आणि त्याने आधी काय केले? कोलांट्या उड्या मारल्या; डोके खाली, पाय वर करून पाहिले. जड पोशाखातल्या पाणबुड्याला हे करता येत नव्हते.

पायांसाठीची सोय आधीच झाली होती. लुई द कोर्लिए या फ्रेंच अधिकाऱ्याने १९३३ मध्ये रबरी पायपंखांचे पेटंट घेतले होते. बूट गेले, पंख आले. चालणारा माणूस पोहणारा झाला.

मग प्रश्न सुटला का? नाही. इथून तो खरा सुरू झाला.

कुस्तोच्या पिढीकडे श्वसनयंत्र होते, पण प्लावक बल सांभाळायचे साधन नव्हते. कमरेला शिशाचा पट्टा आणि बाकी सारे फुप्फुसांवर. उबदार समुद्रात उघड्या अंगाने हे जमत असे. पण १९५२ च्या सुमारास बर्कलीतील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर याने निओप्रीनचा ‘वेट सूट’ आणला आणि हिशेब बिघडला. निओप्रीन म्हणजे वायूच्या असंख्य बुडबुड्यांनी भरलेले रबर. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट. बुडबुडे आक्रसतात, सूट पातळ होतो आणि त्याची तरंगण्याची शक्ती झपाट्याने घटते. पृष्ठभागावर बुडण्यासाठी जे शिसे बांधले, तेच खाली गेल्यावर जड होऊन बसते.

शिवाय हवेलाही वजन असते. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने हवा भरली तर ती बाहेर २४०० लिटर होते. तिचे वजन जवळजवळ तीन किलो. पाणबुडा ती श्वासावाटे खर्च करतो, म्हणजे बुडी संपेपर्यंत तो तीन किलोंनी हलका होतो. शेवटी हलका होऊन वर फेकला जाऊ नये, तर सुरुवातीला तीन किलो जड असायलाच हवे. हा फरक भरून काढणारे काहीतरी हवे होते.

ते आले जीवरक्षक जाकिटाच्या घराण्यातून. १९६१ मध्ये फ्रान्समधील मॉरिस फेंझी याने स्वतंत्र छोट्या बाटलीतील हवेने फुगणाऱ्या जाकिटाचे पेटंट घेतले. गळ्याभोवती आणि छातीवर येणारी ही पिशवी घोड्याच्या गळ्यातील जाड पट्ट्यासारखी दिसे, म्हणून इंग्रजी भाषकांत तिचे नाव पडले ‘हॉर्स कॉलर’. ती ब्रिटनमध्ये इतकी रूढ झाली की पाणबुड्यांची एक अख्खी पिढी तिच्यावर वाढली.

या पिशवीची आज थट्टा होते, आणि ती मला अन्यायाची वाटते. तिच्या निर्मात्यांसमोरचा प्रश्न ‘पाण्याखाली सुंदर कसे तरंगावे’ हा नव्हता. ‘बेशुद्ध पाणबुडा पृष्ठभागावर आला तर त्याचे तोंड पाण्याबाहेर राहील का’ हा होता. हवा छातीवर आणि मानेमागे असल्याने माणूस आपोआप उताणा होई. त्या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर नंतरच्या कोणत्याही साधनाने दिलेले नाही.

किंमत मोजावी लागे ती पाण्याखाली. पोटावर आडवे व्हायला जावे, तर हवा छातीखाली अडकलेली; ती वर येऊ पाहते, छाती उचलते, माणसाला उताणे पाडू पाहते. कमरेचे शिसे पाय खाली ओढते. जांघेतून पट्टा आवळला नाही तर पिशवी हनुवटीवर चढते. परिणामी पाणबुडा तिरपा, डोके वर, पाय खाली. सीबेच्या उभ्या माणसाची सावली अजून पुसली गेलेली नव्हती.

१९७० च्या दशकात ‘स्टॅबिलायझिंग जॅकेट’ आले. स्कूबाप्रो कंपनीने ते लोकप्रिय केले. बिनबाह्यांच्या कोटासारखे अंगात घालायचे, टाकी मागे त्यालाच जोडायची, आणि हवा खांद्यांभोवती, काखेखाली, बगलांना. एका बटणाने टाकीतली हवा आत, दुसऱ्याने बाहेर. पृष्ठभागावर माणूस आरामखुर्चीत बसल्यासारखा सरळ तरंगतो. जगभर सामान्य हौशी माणसाला पाण्यात नेण्याचे मोठे श्रेय या जाकिटाला आहे. मात्र शिसे अजून कमरेलाच होते आणि पाय अजून खालीच होते.

इथे जरा थांबू, कारण पुढचे सारे समजायला ही यांत्रिकी नीट कळायला हवी.

समजा पाणबुडा तीस अंशांनी तिरपा आहे, डोके वर. तो पाय मारतो. पंख पाणी मागे आणि खाली लोटतात, म्हणून तो पुढे आणि थोडा वरही जातो. एकाच खोलीवर राहायचे तर त्या ‘वर’ला तोडीस तोड म्हणून तो थोडा जड असला पाहिजे. तेव्हा तो जाकिटातली हवा सोडतो. आता पाय मारत आहे तोवर समतोल. थांबला की बुडतो. बुडू नये म्हणून थांबतच नाही. सतत पाय, सतत श्रम, हवा भराभर संपते. आणि त्याला स्वतःला वाटत असते की आपला तोल अगदी छान साधला आहे! चुकीची ठेवण ही अशी आपली चूक लपवते. शिवाय पंखांचा झोत सरळ तळावर आदळतो. तळाशी प्रवाळ असेल तर ते मोडते, गाळ असेल तर उठतो.

मोकळ्या समुद्रात गाळ उठला तर फोटो बिघडतो. गुहेत उठला तर माणूस मरतो.

अमेरिकेत उत्तर फ्लोरिडात चुनखडीच्या प्रदेशात गोड्या पाण्याचे असंख्य झरे आहेत आणि त्यांच्यामागे मैलोन्‌मैल जलमग्न गुहा. १९६० आणि ७० च्या दशकांत तेथे तरुण पाणबुड्यांचे मृत्यू एकामागून एक होत होते. वर छत, थेट वर येणे अशक्य. गाळाचा थर पिठासारखा मऊ. एका चुकीच्या फटक्याने उजेड नाहीसा, वाट नाहीशी, आणि टाकीतली हवा मोजकीच.

या मृत्यूंचा नीट अभ्यास केला तो शेक एक्स्लीने. पेशाने गणिताचा शिक्षक, आणि त्या काळातला सर्वांत अनुभवी गुहा-पाणबुडा. १९७९ मध्ये त्याने अपघातांचे विश्लेषण करणारी एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली: प्रत्येक प्रकरणात काय घडले आणि कोणता नियम मोडला गेला. बाहेरपर्यंत अखंड दोरी ठेवा. हवेचा एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश परतताना, उरलेला संकटासाठी. फार खोल जाऊ नका. इतिहासाच्या विद्यार्थ्याने वाचावी अशी ती पुस्तिका आहे. मृत्यूची प्रकरणे एकत्र मांडून त्यांतून कारणांचा आकृतिबंध शोधणे, ही आपल्याच विद्येची रीत नव्हे का? स्वतः एक्स्ली १९९४ मध्ये मेक्सिकोतील झाकातोन या अतिखोल जलकुंडात बुडी मारताना मरण पावला.

नियमांबरोबर सामानही बदलत होते, आणि ते कारखान्यात नव्हे, घरामागच्या शेडमध्ये. गुहेसाठी पाठीवर दोन टाक्या लागत. त्यांचे वजन पेलायला छातीवरची पिशवी अपुरी होती. कोणी ब्लीचच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या पाठीशी बांधून पाहिल्या. मग पिशवीच पाठीवर गेली, टाकी आणि पाठ यांच्या मध्ये. हिला नाव मिळाले ‘विंग’. तिला धरायला धातूची पाठपट्टी आणि एकसंध जाड पट्ट्याची गुंफण. ग्रेग फ्लॅनगन आणि विल्यम हॉगार्थ मेन यांची नावे या घडामोडीशी जोडली जातात. सुटसुटीत, लोंबकळते काहीही न ठेवणाऱ्या मांडणीला आजही ‘हॉगार्थियन’ म्हणतात ते मेनच्या मधल्या नावावरून.

या मांडणीने नेमके काय साधले? शिशाचा भार कमरेवरून उचलून पोलादी पाठपट्टीच्या रूपाने फुप्फुसांच्या पातळीवर आणला. जिथे शरीर सर्वांत हलके तिथेच वजन. वर हवा पाठीच्या लांबीभर पसरलेली. दोन बिंदू एका रेषेत आले आणि पाय आपोआप उचलले गेले. आडवे राहण्यासाठी आता धडपड करावी लागत नव्हती. पायांचा फटकाही बदलला: वर-खाली कात्रीसारखा नव्हे, तर गुडघे दुमडून बेडकासारखा बाजूंनी मागे, म्हणजे झोत तळाकडे जातच नाही. बोरेलीच्या पाणबुड्याला बेडकाचे पंजे होते, हे आठवले की मौज वाटते.

विंगची खोड पृष्ठभागावर दिसते. हवा पाठीवर असल्याने, ती फार भरली आणि शिसे पुढे असले तर माणूस तोंडावर झुकतो. सवयीचा पाणबुडा थोडा मागे रेलून बसतो. नवख्याला ते घाबरवते. म्हणजे हॉर्स कॉलरने जे उत्तम साधले, तेच विंगने गमावले. प्रत्येक साधन आपल्या जन्माच्या वेळचा प्रश्न सोबत बाळगते, असे मला वाटते ते यामुळे.

तिसरी वाट पुन्हा इंग्लंडातून निघते. तिथल्या गुहा बहुतांशी कोरड्या आणि अरुंद. मधेच पाण्याने भरलेला एखादा छोटा टप्पा. टाकी पाठीवर घेऊन सरपटणे अशक्य, म्हणून तिथल्या लोकांनी टाक्या कमरेच्या पट्ट्याला, अंगाच्या कडेला अडकवल्या. तो पोहण्याचा नव्हे, घुसण्याचा प्रश्न होता. फ्लोरिडा आणि मेक्सिकोच्या पाणबुड्यांनी ही कल्पना उचलून तिला तरंगण्याची शिस्त जोडली, आणि आज ‘साइडमाउंट’ म्हणून ती हौशी लोकांतही रूढ आहे. दोन टाक्या बगलांना समांतर, पिशवी पाठीच्या खालच्या भागावर. माणूस इतका सपाट होतो की वीत-दीड वीत उंचीच्या फटीतूनही तो जाऊ पाहतो. ॲल्युमिनियमच्या टाक्या रिकाम्या होत आल्या की त्यांची मागची टोके वर तरंगू लागतात, म्हणून बुडी चालू असतानाच त्यांची जोडणी पुढे सरकवावी लागते. तोल एकदा साधून संपत नाही. तो तासभर साधत राहावा लागतो.

आता आपल्या विषयाशी, म्हणजे पुरातत्त्वाशी याचा काय संबंध, ते सांगतो.

१९०० साली ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेले प्राचीन जहाज सापडले ते जड पोशाखातल्या स्पंज-पाणबुड्यांना. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी पुतळे वर काढले, आणि ते प्रसिद्ध दंतचक्रांचे यंत्रही. त्या कामात एक जण दगावला, दोघांना पक्षाघात झाला. अभ्यासक वर बोटीवर. खाली उतरणारे मजूर शिशाच्या बुटांनी अवशेषांवर उभे. १९६० मध्ये तुर्कस्तानच्या केप गेलिडोनियापाशी जॉर्ज बास या तरुण अभ्यासकाने ही रीत मोडली. तो आमच्यासारखाच विद्यार्थी होता. फिलाडेल्फियात पोहण्याच्या तलावात पाणबुडेगिरी शिकून तो स्वतः खाली उतरला आणि कांस्ययुगीन जहाजाचे उत्खनन जमिनीवरच्या काटेकोरपणाने केले. (दगडासारखे घट्ट झालेले ढेकूळ तळापासून सोडवायला त्यांनी मोटारीचा जॅक वापरला होता!) त्याच परंपरेतील उलुबुरुन येथील उत्खनन १९८४ ते १९९४ चालले, ४४ ते ६१ मीटर खोलीवरील उतारावर २२,४१३ बुड्या माराव्या लागल्या.

अशा कामात हाताने हलकेच वारा घालून गाळ बाजूला करतात. तिथे पाय टेकवणे म्हणजे थर विस्कटणे. आणि थर विस्कटला की कालक्रम गेला. खोदणाऱ्याने खड्ड्याच्या वर तरंगत राहावे लागते. आपल्याकडेही हा वारसा आहे. लोथलचे उत्खनन करणारे एस. आर. राव यांच्या पुढाकाराने १९८१ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू झाले, आणि १९८० च्या दशकात द्वारकेच्या समुद्रात दगडी नांगर व बांधकामाचे अवशेष नोंदवले गेले. त्या वादातल्या कालनिश्चितीबद्दल आपण स्वतंत्र धाग्यात बोलू.

शेवटी शिकवणुकीबद्दल. सामान बदलले तरी शिकवण्याची रीत बरीच वर्षे जुनीच राहिली. हौशी विद्यार्थ्यांना तलावाच्या तळाशी गुडघे टेकून बसवायचे आणि त्याच स्थितीत मुखवट्यातले पाणी काढणे, तोंडातले रेग्युलेटर काढून परत घालणे हे धडे द्यायचे. गुडघे टेकलेला विद्यार्थी हा सीबेच्या उभ्या माणसाचाच वंशज. स्थिर राहायला तळ हवा, हे त्याच्या अंगात मुरते. आणि मग खऱ्या समुद्रात तळ नसेल तिथे तो पाय मारत राहतो. २०१३ च्या सुमारास पॅडीसारख्या मोठ्या प्रशिक्षण संस्थेने आपला प्राथमिक अभ्यासक्रम सुधारताना ट्रिम आणि तरंगत राहून कौशल्ये करणे यांवर भर दिला. तरीही गुडघ्यांवरचा वर्ग जगातून नाहीसा झालेला नाही.

कोकणात मालवण-तारकर्लीला तुमच्यापैकी अनेकांनी एकदा तरी वीस मिनिटांची बुडी मारली असेल. तेव्हाचे फोटो काढून पाहा. बहुतेक फोटोंत पाहुणा तिरपा किंवा जवळजवळ उभा, हात पसरलेले, पाय खाली सायकल चालवत. आणि त्याच्या मागे, फ्रेमच्या कडेला, एक स्थानिक प्रशिक्षक अगदी आडवा, पाय दुमडलेले, एका हाताने पाहुण्याची टाकी धरलेला. पाहुण्याचे प्लावक बल, शिसे आणि ट्रिम, सगळे त्या एका हातात असते.

पुढचा धागा द्वारकेवर. तोवर प्रश्न असतील तर खाली विचारा.